आधी थांबायचं, मग शिट्टी

पप्पा, तुमचा शेवटचा उपदेश अजून सुटलेला नाही. तीन रविवार तुम्ही तोच दिलात, चौथ्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात आणि पाचव्या रविवारी, म्हणजे परवा, तुम्ही नव्हतात. कर्जतच्या आपल्या एवढ्याशा मंडळीत उपदेश असा मध्येच लटकून राहिला, हे पहिल्यांदाच झालं.

तुमचा नियमच जगावेगळा होता. बाकीचे पाळक दर रविवारी नवा उपदेश देतात, लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन मटणाच्या रश्श्याला लागतात. तुम्ही मात्र उभे राहिलात की आधी विचारायचात, "मागच्या रविवारी जे ऐकलं, त्याचं कुणी काय केलं?" कुणीतरी उठून सांगायचं. एक माणूस पुरे. पण एकही उठला नाही, तर तुम्ही चष्मा पुसून मागचाच उपदेश पहिल्यापासून सुरू करायचात. तीच उदाहरणं, तेच विनोद, विनोदानंतरचं तेच थांबणं. रागावणं नाही, टोमणा नाही. "ऐकलं गेलं नसावं, पुन्हा सांगतो," एवढंच.

मी लग्न करून तुमच्या घरी आले तेव्हा क्षमेवरचा उपदेश पाचव्यांदा चालू होता. भिवपुरीकडच्या भातशेतीवाल्या घरातली मी, चर्चची पायरी पहिल्यांदाच चढत होते. दोन रविवार शब्दाला शब्द तोच ऐकल्यावर मला वाटलं, यांच्या धर्मात प्रवचन एकच असतं की काय! नवऱ्याला, आशिषला, हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "सगळे रूथ मावशीकडे बघतायत. ती उठल्याशिवाय सुटका नाही."

खालापूरच्या रूथ मावशीचं तिच्या जावेशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं, मधल्या बांधावरच्या एका आंब्यावरून. शेवटी सातव्या रविवारी ती उठली. "बोलले तिच्याशी. आता फुडचं सांगा पाळकसाहेब, कान किटले."

"काय बोललात मावशी?"

"म्हटलं, मीठ हाय का."

अख्खं चर्च हसलं. तुम्ही हसला नाहीत. "पुरे आहे," म्हणालात आणि पुढचा उपदेश काढलात. त्या दिवशी मला तुम्ही पहिल्यांदा आवडलात. तोवर मी तुम्हाला नुसतीच भीत होते.

या सगळ्याच्या मुळाशी तुमचा तो हिब्रू शब्द होता. शमा. तुम्ही म्हणायचात, शास्त्रात जिथे जिथे आपल्याकडे 'आज्ञा पाळा' असं छापलंय, तिथे बऱ्याच ठिकाणी मुळात हाच शब्द आहे, आणि त्याचा साधा अर्थ 'ऐक'. त्या जुन्या लोकांना पाळण्यासाठी निराळा शब्द लागला नाही, कारण ऐकून केलं नाही तर ते ऐकलं असं ते मानतच नसत. कानात शिरलं पण पायात उतरलं नाही, तर ते वाऱ्यावर गेलं. तुमच्या मते आपल्या लोकांचा सगळा घोटाळा इथेच होता. आज्ञा म्हटली की आपल्याला वरती कुणीतरी छडी घेऊन उभा दिसतो. तुम्हाला मात्र कुणीतरी जवळ बसून काहीतरी सांगतोय असं दिसायचं.

हा शब्द तुम्ही पुस्तकातून घेतला नव्हता. खालापूरला तुम्ही लहान असताना शेजारी शनवार तेल्यांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं, घर होतं. त्या घरातली म्हातारी सकाळी उठली की डोळ्यांवर हात ठेवायची आणि एक ओळ पुटपुटायची, तिची सुरुवात या शब्दाने. तिला बाकी हिब्रू येत नव्हतं. तिचे पूर्वज कधीकाळी कोकणच्या किनाऱ्याला लागले, सगळं विसरले, पण ही एक प्रार्थना विसरले नाहीत असं म्हणतात. तुम्ही हे सांगताना नेहमी स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवायचात. "वैजू, त्या बाईने कानाने ऐकण्यासाठी डोळे झाकले. आपण डोळे, कान, तोंड सगळं उघडं ठेवतो आणि म्हणतो, देव बोलत नाही."

आणि मी वाद घालायचे. घालणारच. मी घाटातली स्टेशन मास्तर. सबंध दिवस माझं काम नियम पाळायचं आणि पाळायला लावायचं. "पप्पा, तुमचा शब्द रेल्वेत चालायचा नाही. आमच्याकडे ड्रायव्हरला पटलं काय, न पटलं काय, लाल म्हणजे लाल. त्याने मनापासून ऐकलं की नाही, हे विचारायला मी जात नाही."

"म्हणजे तो नुसतं करतो."

"करतो म्हणून तर माणसं जिवंत राहतात."

"खरंय," म्हणायचात, आणि आमटीत भात कालवत विचार करत बसायचात. हरलात असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही तोच वाद तिथूनच पुढे चालू करायचात, जणू मध्ये रात्र झालीच नव्हती.

एकदा मी तुम्हाला पक्कं अडवलं होतं. तुम्ही सांगत होतात की देव माणसाची हाक ऐकतो, तिथेही शास्त्रात हाच शब्द आहे. मी पटकन म्हटलं, "मग देव माणसाची आज्ञा पाळतो असं झालं की!" मम्मी हातातली पोळी तशीच धरून वळली. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. मग हसलात, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. सापडलं की पहिलं तुला सांगेन," असं म्हणालात. त्याला तीन वर्षं झाली. मी अधूनमधून विचारायचे, "सापडलं का?" तुम्ही बोट वर करून म्हणायचात, "थांब जरा."

मग यंदा तुम्ही हट्टाने माझ्याबरोबर माझ्या स्टेशनावर, ठाकुरवाडीला आलात. "ज्याच्या जोरावर माझी सून माझ्याशी भांडते ते बघू तरी." मी तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं, वर माकडांपासून सांभाळा म्हणून बजावलं. तेवढ्यात लोणावळ्याकडून एक मेल घाट उतरत आली आणि स्टेशनाआधीच थांबली. पुढे रूळ मोकळा, गाडीबिडी काही नाही. तुम्ही आत डोकावून विचारलंत, "का थांबली गं?"

मी तुम्हाला कॅच साइडिंग समजावली. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी रस्ता आधीच सरळ लावून ठेवलेला नसतो. तो बाजूच्या चढावर नेणाऱ्या रुळाकडे लावलेला असतो, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर जाऊन दमते, खाली कोसळत नाही. ज्या गाडीला सरळ जायचंय तिने आधी पूर्ण थांबून दाखवायचं. थांबली, ड्रायव्हरने शिट्टी दिली, की मग रस्ता सरळ मिळतो. रूळ मोकळा असला तरी, रोजचा ड्रायव्हर असला तरी, गाडीला उशीर झालेला असला तरी.

"कुणी बघत नसलं तरी?" तुम्ही विचारलंत.

"बघायचा प्रश्नच नाही. न थांबणाऱ्याला सरळ रस्ता नाहीच."

तुम्ही परत बाकावर गेलात. त्या दिवशी अजून चार गाड्या उतरल्या, तुम्ही प्रत्येक वेळी उभे राहून बघितलंत. घरी येताना तुम्ही वाद पुढे काढलाच नाहीत. मी मनात म्हटलं, जिंकले मी.

कुठची जिंकते! रविवारी तुम्ही माझीच गाडी वेदीसमोर आणून उभी केलीत. ऐकणं म्हणजे थांबणं, तुम्ही म्हणालात. रस्त्याच्या कडेला एक आंधळा ओरडत होता, लोक त्याला गप्प करत होते, येशू घाईत होता तरी त्या हाकेसाठी थांबला. आपण देवाचं ऐकायचं तर सुरुवात इथून, की कुणी हाक मारली तर आपण थांबतो का? मग तुम्ही घाटाचं उदाहरण दिलंत. "गाडी उतरत येते, ड्रायव्हर शिट्टी वाजवतो, आणि मग गाडी थांबते, आणि तिला रस्ता मिळतो."

आपल्या मंडळीत निम्मी घरं रेल्वेची. मागच्या बाकांवर खसखस पिकली. एक निवृत्त ड्रायव्हर तर रुमालात तोंड घालून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही आला, कारण मी इतकं नीट समजावलं होतं.

चर्चमधून घरी चालत येताना मी तुम्हाला झापलं. "पप्पा, उलटं सांगितलंत. आधी थांबायचं. गाडी पूर्ण उभी राहिली पाहिजे. मग शिट्टी. धावत्या गाडीने कितीही शिट्ट्या मारल्या तरी रस्ता मिळत नाही."

तुम्ही रस्त्यातच उभे राहिलात. भाजीवालीच्या टेंपोने हॉर्न दिला तरी हलला नाहीत. "काय म्हणालीस? परत म्हण."

मी परत म्हटलं.

"म्हणजे माझा निम्मा उपदेश चुकला," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा असा खुलला जसा कुणी बक्षीस दिलंय. "अगं, आम्ही सगळे तेच करतो. आयुष्यभर धावत धावत शिट्ट्या मारतो आणि त्याला प्रार्थना म्हणतो."

दुसऱ्या रविवारी तुम्ही उभे राहून सगळ्यांसमोर सांगितलंत, "मागच्या वेळी मी चुकीचं बोललो. सुनेने दुरुस्त केलं." चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींपैकी दोघांना ते रुचलं नाही. पाळकाने चूक कबूल करावी, तीही सुनेने काढलेली, तीही बाप्तिस्मा न घेतलेल्या सुनेने! तुम्ही तिकडे लक्षच दिलं नाहीत. तुम्ही मला माझ्या देवाबद्दल कधी विचारलं नाही, तुमच्या देवाबद्दल कधी गळ घातली नाही. माझ्या खोलीत गणपती आहे, त्याच्यासाठी जास्वंद तुम्ही अंगणातून आणून ठेवायचात. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटलं, तुम्हाला कळतं. कळतच असणार. तरी बोलायला हवं होतं.

काम तुम्ही सोपं दिलं होतं. आठवड्यात एकदा, कुणी हाक मारली की हातातलं खाली ठेवा, पूर्ण थांबा, आणि ऐकून होईपर्यंत तोंड उघडू नका. किती सोपं! पण तिसऱ्या रविवारी किराणावाले काका उठले आणि म्हणाले, "थांबलो होतो, पण हातात मोबाइल होता."

"मग चालती गाडीच ती," तुम्ही म्हणालात. काका बसले. उपदेश तिसऱ्यांदा सुरू झाला. बुधवारी तुम्हाला दम लागला आणि आम्ही तुम्हाला पनवेलला नेलं.

आता जे लिहायचंय ते मी चार दिवस टाळतेय, पप्पा.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची दुपार होती. तुम्ही बरे दिसत होतात. सकाळी तुम्ही अर्धी इडली खाल्लीत, नर्सला तिच्या गावाचं नाव विचारलंत. मी तुमची फाइल घेऊन खाली रिपोर्ट आणायला निघाले होते. जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचायचं होतं. दाराशी गेले तेव्हा तुम्ही बोट वर केलंत, तेच तुमचं नेहमीचं बोट, आणि म्हणालात, "वैजू, थांब जरा."

मी म्हटलं, "आलेच पप्पा, पाच मिनिटं."

चालता चालता म्हटलं. मान वळवून, पाय पुढे टाकत. वर आले तेव्हा तुमच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

कुणाचा दोष नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम थांबलं, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. आशिषही हेच म्हणतो. मला ते पटतं. मी काय करू शकले असते, हा माझा प्रश्नच नाही. तुम्ही मला थांब म्हणालात आणि मी शिट्टी दिली, हे माझं दुखणं आहे. घाटात वीस डब्यांच्या गाड्या थांबवणारी बाई मी, आणि मला चार पावलांवर थांबता आलं नाही. रिपोर्ट काय, संध्याकाळीही मिळाला असता. तो रिपोर्ट अजून माझ्या पर्समध्ये आहे. तो कुणालाच नको आहे.

काय सांगायचं होतं तुम्हाला? मी सगळे अंदाज करून बघितले. उशी घसरली असेल. पाणी हवं असेल. मम्मीच्या गोळ्या संपल्या असतील. नाहीतर तीन वर्षांपूर्वीच्या त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं असेल. बहुतेक उशीच असणार, मी स्वतःला समजावते. तरी भाजी चिरताना मध्येच हात थांबतो आणि मी विचारते, "सापडलं होतं का, पप्पा?"

शुक्रवारी तुम्हाला मातीत ठेवलं. शनिवारी सकाळी मी मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांसाठी पनवेलच्या दवाखान्यात निघाले होते. पिशवी खांद्यावर, चप्पल पायात. मम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "वैजू, थांब गं."

"आले" हा शब्द माझ्या ओठावर होता. मी तो गिळला. पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, आत जाऊन पाटावर बसले आणि तोंड बंद ठेवलं.

मम्मीपुढे मेथीची जुडी होती. तिने जुडीचा दोरा सोडला. मग म्हणाली, "दर शनिवारी ते उपदेश आधी मला ऐकवायचे. मी भाजी निवडत ऐकायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, एकदा म्हणाले, तू भाजी खाली ठेवत नाहीस. मी म्हटलं, ठेवते, मग जेवायला काय वाढू? तर दुसऱ्या शनिवारी स्वतःच येऊन जमिनीवर बसले, जुडी घेतली आणि निवडता निवडता बोलायला लागले. तेव्हापासून दर शनिवारी भाजी तेच निवडत. मी नुसती ऐकायचे."

मग तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघी निवडत बसलो आणि रडलो. पनवेल दुपारी गाठलं.

तुमच्यासारखं शास्त्र मला येत नाही. पण मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच होतं आणि तुम्ही ते पुस्तकांत शोधत होतात. देव माणसाची आज्ञा पाळतो का, मला माहीत नाही. थांबत असेल. बोलणाऱ्याजवळ खाली जमिनीवर येऊन बसत असेल आणि त्याच्या हातातलं काम स्वतः घेत असेल. हे बरोबर आहे का, हे सांगायला तुम्ही हवे होतात. चूक असतं तर तुम्ही आमटीत भात कालवत विचार केला असतात, आणि दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा भांडलो असतो.

परवा रविवारी चर्च भरलं होतं. खालापूरची माणसंही सकाळीच आली होती. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि मग जिथे तुम्ही उभे राहायचात तिथे कुणीच उभं राहिलं नाही. वडील मंडळींपैकी एकांनी बाहेरून पाळक बोलावल्याचं सांगितलं, ते पुढच्या रविवारी येणार होते. शेवटी किराणावाले काकाच तिथल्या तिथे उभे राहून म्हणाले, "नियमाप्रमाणे विचारतो. मागचं जे ऐकलं, त्याचं कुणी काय केलं?"

मी कधी त्या चर्चमध्ये उठले नव्हते. ती माझी जागा नाही असं समजून शेवटच्या बाकावर बसायचे. पण उठले. "मी शनिवारी थांबले," म्हटलं. "मम्मींनी हाक मारली तेव्हा. पण गुरुवारी पप्पांनी थांब म्हटलं, तेव्हा मी थांबले नाही. चालता चालता उत्तर दिलं. परत आले तोवर ते गेले होते. आता हे केलं धरायचं की नाही, तुम्हीच ठरवा."

मम्मीला हे माहीत नव्हतं. आशिषलाही नाही. मम्मीने वळून माझ्याकडे बघितलं आणि शेजारची जागा हाताने थोपटली, इथे येऊन बस म्हणून.

काका म्हणाले, "धरू या. पोरीने सांगितलं, हेच खूप झालं."

तेव्हा रूथ मावशी उठली. गुडघ्यांवर हात टेकत, बाकाला धरत. "नाय धरायचं," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली.

"आज धरलं, तर फुडच्या रविवारी नवीन पाळक नवीन कायतरी सांगल. यांचा हा परत कुठं ऐकाया मिळनार हाय? आमी जलमभर यांना म्हटलं, पाळकसाहेब, आता फुडचं सांगा. आता नाय म्हनायचं तसं. केला नाय तर परत सांगायचा, नियम हाय ना? मंग तोच परत."

"पण सांगणार कोण, मावशी?" काकांनी विचारलं.

"ही सांगल. गाडी तिचीच हाय."

मी पुढे गेले, पप्पा. तुमच्या जागेवर नाही, एक पायरी खाली उभी राहिले. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. उपदेश मला शब्दाला शब्द पाठ होता, तीन वेळा ऐकलेला, घशाशी येऊन उभा होता. घाईघाईने म्हणून टाकावा आणि जागेवर जाऊन बसावं असं वाटत होतं.

तसं केलं नाही. हातातली पर्स खाली ठेवली. तुमच्यासारखा डोळ्यांवर हात ठेवला आणि उभी राहिले, पाय हलायचे थांबेपर्यंत, श्वास जागेवर येईपर्यंत. कुणीही घाई केली नाही. पूर्ण थांबले, आणि मग बोलायला सुरुवात केली.